नवं करणाऱ्यालाच नोटीस का?

बिनखात्याचा मंत्री

माझे एक नातलग सरकारी कचेरीत आहेत. त्यांनी मध्यंतरी वरिष्ठांकडे एक साधी सूचना पाठवली. अर्जासोबत आपण सात कागद मागतो, त्यातले चार आपल्याच दप्तरात असतात, तर ते लोकांकडून पुन्हा मागू नयेत. फाइल परत आली ती शेरा घेऊन: 'पूर्वोदाहरण आहे का?' आता नव्या गोष्टीचं पूर्वोदाहरण आणायचं कुठून? सूचना तिथेच निजली.

पण साहेबांचंही चूक म्हणवत नाही. ते चार कागद मागणं बंद केलं असतं आणि एखादा खोटा अर्ज मंजूर झाला असता, तर नोटीस सही करणाऱ्याच्या नावाने निघाली असती. बंद केलं नाही म्हणून हजारो माणसं हेलपाटे घालतात, त्याची नोटीस मात्र कुणालाच निघत नाही. करील तो फसेल आणि बसेल तो बढती घेईल, असं आपणच ठरवून ठेवलंय. वर पुन्हा 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' म्हणून हसायलाही आपणच.

जपानच्या शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं बघा. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली गाडी सुटली तेव्हा ती ज्यांच्या हट्टामुळे झाली ते सरकारी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा, दोघंही समारंभाला नव्हते. खर्च सुमारे २०,००० कोटी येनच्या अंदाजावरून जवळजवळ दुप्पट झाला म्हणून १९६३ मध्येच दोघांना पायउतार व्हावं लागलं होतं. रूळ सोडल्यामुळे किंवा टक्कर होऊन या गाडीत आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. जाब मात्र खर्चाचा विचारला गेला.

माझं म्हणणं: सद्हेतूने केलेल्या प्रयोगात चूक झाली तर सरकारी माणसाला अभय हवं. आणि उत्तरदायित्व विचारायचंच तर 'नियम पाळला का' हे न विचारता 'लोकांना मिळालं का' हे विचारा.

जुना ऑडिटर

मंत्रीमहोदय, दाखला नेमका उलटा निवडलात. खर्च वाढणार हे ठाऊक असूनही सोगोंनी संसदेपुढे आकडा कमी ठेवला, असंच त्यांच्याबद्दल लिहिलं जातं. जागतिक बँकेचं ८ कोटी डॉलरचं कर्ज घेण्यामागेही पुढच्या सरकारला माघार घेता येऊ नये हा हिशेब होता. गाडी उत्तम निघाली म्हणून आज आपण टाळ्या वाजवतो. गाडी बिघडली असती तर याच वागण्याला काय म्हटलं असतं? आणि तीच रेल्वे १९६४ पासून तोट्यात गेली ती गेलीच. १९८७ मध्ये तिचे तुकडे करून खासगीकरण झालं तेव्हा डोक्यावर ३७ लाख कोटी येनच्या घरात कर्ज होतं.

तीस वर्षं हिशेब तपासण्यात गेली माझी. ज्या नियमांना तुम्ही हसता त्यातल्या प्रत्येकाच्या मागे एक चोरी असते. तीन निविदा का मागवायच्या? कुणीतरी मेहुण्याला काम दिलं होतं म्हणून. 'सद्हेतू' हा शब्द तर मी अफरातफरीच्या प्रत्येक खुलाशात वाचलाय.

गप्प बसा

मेहुणा सगळ्या देशांत असतो वाटतं.

बिनखात्याचा मंत्री

@जुना ऑडिटर, आकडा लपवला हे मान्य, तिथे माझा दाखला लंगडा पडतो. पण जपानी रेल्वेच्या कर्जाचं खापर शिंकान्सेनवर नको. मतांसाठी गावोगाव काढलेल्या, रिकाम्या धावणाऱ्या मार्गांनी ती बुडाली, आणि त्या मार्गांच्या कागदपत्रांत नियमाची एकही चूक सापडायची नाही, पैज लावतो.

दुसरा दाखला देतो, यात लपवाछपवी नाही. रोलंड हिल, ब्रिटनची टपालव्यवस्था सुधारणारा. १८३७ मध्ये त्याने दाखवून दिलं की पत्र पोचवायला लागणारा खर्च अंतराचा नसतो, तो मोजणी, नोंदी आणि दारात पैसे वसूल करण्याचा असतो. १८४० पासून ब्रिटनमध्ये कुठूनही कुठेही एक पेनी, तीही आगाऊ, तिकीट चिकटवून. पहिल्याच वर्षी पत्रं दुपटीहून जास्त झाली. तिजोरीच्या वहीत मात्र हा फसलेला प्रयोग होता, कारण निव्वळ उत्पन्न जुन्या पातळीला यायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. १८४१ मध्ये सरकार बदललं आणि १८४२ मध्ये हिलला घरी पाठवलं. चार वर्षांनी परत बोलावला ही गोष्ट वेगळी. वही कुठली उघडायची हाच तर माझा प्रश्न आहे.

शंकासूर

कुठलीही वही उघडा, ती तपासणारा पगारदारच. हाटेलवाल्याला नोटीस कोण काढतं? गिऱ्हाईक उठून समोरच्याकडे जातं, संपलं. तो रोज नवं करून बघतो कारण न करणाराही बुडतो. सरकारी सेवेत 'उठून जाणं'च नाही. तुम्ही रकाने बदला, शेरे बदला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जे जे स्पर्धेला सोपवता येईल ते सोपवा, उरलेल्याची चर्चा मग करू.

रांगेतली

शंकासूर, जन्माच्या दाखल्यासाठी मी समोरच्या दुकानात जाऊ का? काही गोष्टींना समोर दुकान नसतंच. आणि जिथे नाही तिथे ते काढल्यावर काय होतं त्याचा ब्रिटनच्या रेल्वेत अनुभव आहे. रूळ रेलट्रॅक नावाच्या कंपनीला दिले, शेअर बाजारात आणली ती १९९६ मध्ये. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डला तडे गेलेल्या रुळामुळे गाडी घसरली, चार माणसं गेली. दोष आधीपासून माहीत होता, दुरुस्ती लांबत राहिली. मग देशभर गाड्या रांगत होत्या, कारण कुठला रूळ कसा आहे याची धड नोंदच कंपनीकडे नव्हती. वर्षभरात कंपनी कोसळली, शेवटी रूळ पुन्हा सरकारनेच सांभाळले. प्रवासी उठून कुठे जाणार होता?

पण मंत्र्यांशीही माझं जमत नाही. तुम्ही 'प्रयोग' म्हणता तेव्हा तो कुणावर होतो ते सांगत नाही. एका कार्यालयाने नवी संगणकप्रणाली आणली आणि माझ्या आईचं निवृत्तिवेतन बंद झालं. जुन्या दप्तरातल्या नावात एक वेलांटी वेगळी, म्हणून यंत्राच्या लेखी ती दुसरीच बाई. खिडकीवरचा मुलगा तिला ओळखत होता, 'काकू बसा' म्हणाला, पण 'सिस्टीम घेत नाही'. पाच महिने. आधी त्याच मुलाने पेनाने दुरुस्ती करून सही मारली असती. ती प्रणाली आणणाऱ्यांचा सद्हेतूच होता हो! अभय त्यांना, उंदीर आम्ही.

बिनखात्याचा मंत्री

ताई, वाचून वाईट वाटलं. याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

कोडकरी

रांगेतलींचा मुद्दा पुढे नेतो, कारण माझा धंदा त्याच प्रणाल्या बनवण्याचा आहे. अशा दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

ऑस्ट्रेलियात सरकारी मदत घेणाऱ्यांकडून 'जास्त दिलेले' पैसे वसूल करायला यंत्र बसवलं. लोकांत नाव पडलं रोबोडेट. युक्ती काय, तर करखात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं आणि २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं. सहा महिने नोकरी, सहा महिने बेकार असा माणूस मग बेकारीतही कमावता दिसणार! चार लाखांहून जास्त लोकांवर खोटी देणी निघाली आणि 'देणं नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावरच. खात्याच्या स्वतःच्या वकिलांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं की कायदा न बदलता हे करता येणार नाही. तरी २०१९ पर्यंत चाललं.

दुसरी ब्रिटिश पोस्टाची. १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसवली, बनवली खासगी कंपनीने, फुजित्सूने (शंकासूर, नोंद घ्या). काउंटरवर पैसे कमी दिसायला लागले. पोस्टाने प्रणाली तपासायच्या ऐवजी पोस्टमास्तरांना चोर ठरवलं. तक्रार करायला फोन केलेल्या कितीतरी जणांना सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर नव्हताच.

दोन्हीकडे सुरुवातीची चूक तुमच्या-माझ्यासारख्याकडून होऊ शकते. सॉफ्टवेअरमध्ये दोष निघतातच. ती उघड बोलायची सोय नव्हती म्हणून ती वर्षानुवर्षं सडली.

जुना ऑडिटर

कोडकरी, आता मुद्द्यावर आलात. मंत्र्यांच्या 'निकाल मोजा' बद्दल मात्र सावध करतो. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना अट घातली की तातडीच्या विभागात आलेला रुग्ण चार तासांच्या आत मार्गी लागला पाहिजे. हेतू चांगला, रांगा घटल्याही. पण काही ठिकाणी रुग्ण बाहेर रुग्णवाहिकेतच थांबवून ठेवले, कारण घड्याळ आत घेतल्यावर सुरू व्हायचं. तुम्ही जे मोजाल ते लोक छान करून दाखवतील, बाकीचं बाहेर रुग्णवाहिकेत.

शंकासूर

मग नियम मोजायचे नाहीत, निकाल मोजायचे नाहीत, गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही. चर्चा संपली का? (होरायझनची नोंद घेतली. पण काम देणारा आणि खटले भरणारा मालक सरकारीच होता, तीही तुम्ही घ्या.)

बिनखात्याचा मंत्री

संपली नाही. विमानवाल्यांकडे बघा. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे: वैमानिक, हवाई नियंत्रक, कुणीही, आपल्या हातून झालेली चूक लिहून नासाकडे पाठवू शकतो. दंड करणारं खातं वेगळं, अहवाल घेणारं वेगळं. अहवालातलं नाव काढून टाकतात, उरलेलं सगळ्यांना वाचायला खुलं. कळवलं असेल तर नियमभंगाचा दंड माफ होऊ शकतो. हेच ते अभय, सरकारी यंत्रणेतलंच.

जुना ऑडिटर

त्या व्यवस्थेच्या अटीही वाचा ना. चूक मुद्दाम केलेली नसावी. गुन्हा किंवा अपघात असेल तर लागू नाही. आणि दहा दिवसांच्या आत कळवलेलं असावं. म्हणजे अभय चुकीला नाही, कबुलीला आहे, आणि त्यालाही मुदत आहे. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये मागितलंत ते हे नव्हे. हे मिळत असेल तर माझी सही घ्या.

कोडकरी

+१. एस्टोनियाने हे देशाच्या पातळीवर केलंय. २०१७ मध्ये परदेशी संशोधकांनी कळवलं की त्यांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये कच्चा दुवा आहे. साडेसात लाखांच्या आसपास पत्रं, सगळा सरकारी कारभार त्यावर, आणि महिन्यावर निवडणूक, तीत ऑनलाइन मतदानही. झाकायला याहून मोठं कारण कुठलं हवं? आठवड्याच्या आत सरकारने जाहीर सांगितलं, दुरुस्ती बनवली, नोव्हेंबरमध्ये जुनी प्रमाणपत्रं बंद केली. लोक चिडले, पण व्यवस्था टिकली. तिथे तुमची माहिती कुठल्या खात्याने कधी पाहिली हे तुम्हाला स्वतःला बघता येतं, तेव्हा झाकायची सवयच मुळात कमी.

आणि प्रयोग लहान करा. अमेरिकेत आरोग्यविम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला एकदम छत्तीस राज्यांसाठी उघडलं, पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली सहा जणांची. सहा! सहा जणांवरच प्रयोग करायचा होता तर तो आधी करता आला असता.

गप्प बसा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

शंकासूर

एस्टोनियाची लोकसंख्या तेरा लाख. तिथे मंत्री भाजी घेताना भेटतो. मोठ्या देशात कबुली दिली की दुसऱ्या दिवशी विरोधक राजीनामा मागणार, वाहिन्यांवर गोल टेबलं लागणार. कबूल करणारा अधिकारी तिसऱ्या दिवशी बदलीवर. ऑडिटर, तुमची सही घेऊन तो काय करेल?

जुना ऑडिटर

खरं आहे. म्हणूनच विमानात अहवाल घेणारा आणि दंड करणारा वेगळे ठेवलेत. आमच्याकडे दोन्ही एकाच टेबलावर येतात, मग खरं कोण सांगणार. माझ्यासमोर बसलेल्या कारकुनांनी मला खरं सांगितलं ते निवृत्तीच्या निरोपसमारंभानंतर, चहा पिताना.

आणि मंत्र्यांचं पहिलं म्हणणं मी उडवून लावलं होतं, त्यातलं एक परत घेतो. तीस वर्षांत मी जे तपासणीचे नमुने भरले त्यात जादा खर्च, विनामंजुरी खर्च, चुकीच्या शीर्षाखाली खर्च असे सगळे रकाने होते. 'निर्णयच घेतला नाही' याला रकाना नव्हता. ती सात कागदांची फाइल माझ्यापुढे आली असती तर मी 'आक्षेप नाही' लिहून पुढे सरकवली असती.

बिनखात्याचा मंत्री

मग मागणी बदलतो. सरसकट अभय नको. मुदतीत कबुली दिली तर माफी, लपवलं तर दुप्पट, आणि अडवून ठेवलेल्या फाइलीलाही रकाना. नातलगांना सांगतो, पुन्हा पाठवा म्हणून. आता पूर्वोदाहरण एस्टोनियाचं जोडता येईल, तिथे सरकारकडे असलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागत नाहीत.

रांगेतली

छान. वैमानिकाला दहा दिवस, अधिकाऱ्यालाही दहा दिवस. आईला किती? पाच महिन्यांनी पैसे आले, वेलांटीसकट. मधल्या काळात तिने कुणाकडून उसने घेतले ते ती मला अजून सांगत नाही. तुमच्या नमुन्यात त्यालाही एक रकाना ठेवा, भरायला मी येते.