शब्दचर्चा : ‘नैतिक’ ब्रँड आणि ‘शाश्वत’ पर्स

भाषांतरवाली : उंची फॅशन ब्रँडांचं मूल्यमापन मराठीत आणतेय, सोलापुरातल्या वस्त्रोद्योग शिकणाऱ्या मुलांसाठी. ‘एथिकल’ला ‘नैतिक’ आणि ‘सस्टेनेबल’ला ‘शाश्वत’ लिहिलं. मुलं विचारतात, शाश्वत म्हणजे कधीच न फाटणारं का? पर्याय सुचवा.

पूर्वभागातला : पोरांचं काय चुकलं? आपल्याकडे आत्मा शाश्वत, कापड टिकाऊ. पण म्हणून ‘टिकाऊ’ घालू नका, ताई. आमची चादर आजीनं घेतलेली नातू पांघरतो, हा झाला कापडाचा गुण. सूत रंगवायला पाणी किती लागलं, रंगाचं पाणी कुठं सोडलं, हे त्यातून कळत नाही. ‘शाश्वत विकास’ सरकारी कागदांतून रुळलाय, तेव्हा ‘शाश्वत उत्पादनपद्धती’ चालेल. ‘शाश्वत पर्स’ मात्र विनोदी.

सूतगुंता : ‘नैतिक’ जास्त खटकतं. मराठीत जबाबदारी नैतिक, पाठिंबा नैतिक, अधःपतनही नैतिक. ‘नैतिक ब्रँड’ म्हटलं की कंपनीला चारित्र्याचा दाखला दिल्यासारखं वाटतं. ‘सचोटीचा’ कसा वाटतो?

पूर्वभागातला : सचोटी गिऱ्हाइकाशी. माल खरा, माप खरं, की झाला व्यापारी सचोटीचा. मागावरच्या माणसाला मजुरी काय दिली, ते त्यात येत नाही. २०२४ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानच्या न्यायालयानं दिओर या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या एका उत्पादक कंपनीवर प्रशासक नेमला, कारण तिच्या उपकंत्राटदारांकडे कामगारांचं शोषण चाललं होतं. दुकानात २,६०० युरोला असलेल्या पर्सच्या जोडणीचे ठेकेदाराला सुमारे ५३ युरो, कातडं वगैरे सोडून. पर्स खोटी होती का? नाही की. गिऱ्हाइकाशी सचोटी शाबूत! इथं ‘रास्त’ शब्द हवा. रास्त भाव दुकान सगळ्यांना ठाऊक आहे, तशी रास्त मजुरी. आणि ‘पुरवठा साखळी’ लिहाल तिथं एकदा तरी ‘ठेकेदाराचा ठेकेदार’ लिहा, इथल्या पोरांना लगेच कळेल.

भाषांतरवाली : म्हणजे ‘एथिकल’ला एक शब्द नकोच?

पूर्वभागातला : मथळ्यात ‘नीतिमत्ता’ ठेवा. आत मजुरी, कामाचे तास, कामाची जागा असं सुटं लिहा. एका शब्दात कोंबलं की कंपनीचं फावतं.

सूतगुंता : ‘प्रमाणित’चंही तसंच. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे कापडाचं प्रमाणपत्र कापडातली घातक रसायनं तपासतं, मजुरी नाही. त्यामुळे ‘प्रमाणित कापड’ एवढंच लिहिलं तर अर्धवट. कशासाठी प्रमाणित, ते जोडा. आणि न विकलेल्या मालाच्या भागात ‘विल्हेवाट’ टाळा. मराठीत माल विकला, वाटला, जाळला, सगळीच विल्हेवाट. बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडनं २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केला, तिथं ‘नष्ट केला’च हवं. (टीका झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेही लिहा.)

भाषांतरवाली : शेवटचं एक. प्राडा या इटालियन ब्रँडच्या कोल्हापुरीसारख्या चपलांबद्दल ‘प्रेरित’ लिहू का? सौम्य वाटतं.

सूतगुंता : जून २०२५ मध्ये मिलानला दाखवल्या तेव्हा नुसत्या ‘चामडी सँडल’ होत्या. भारतीय कारागिरीचं नाव ओरड झाल्यावर आलं. ‘नामोल्लेखाविना वापर’ लिहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे, ते तळटीपेत टाकाच, मुलं जागी होतील.

भाषांतरवाली : ‘उचल’ म्हणता येईल? ‘डिझाइनची उचल’?

पूर्वभागातला : नको ताई, गोंधळ होईल. आमच्याकडे उचल म्हणजे कामगाराला आगाऊ दिलेले पैसे, पुढं मजुरीतून कापून घेतात. प्राडानं तशी उचल दिली असती तर कारागीर खूश झाले असते! ‘उचलेगिरी’ नेमका आहे, पण मूल्यमापनाच्या कागदात तो वकिलाला विचारून घाला.