मदत हवी आहे: आई पहिल्यांदाच एकटी विमानाने चाललीये, कामापुरतं इंग्रजी कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

आई डिसेंबरात दादाकडे न्यू जर्सीला चाललीये, वहिनीचं बाळंतपण आहे. बाबांना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून ती एकटीच, मुंबई ते फ्रँकफर्ट आणि तिथून न्यूअर्क. तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स सगळं झालंय, प्रश्न फक्त बोलण्याचा आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतेय.

आई कराडला शिकली तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि सर धडा वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायचे, बास. त्यामुळे तिला वाचता येतं, अक्षरं जुळवत जुळवत का होईना, पण कानाला सवय अजिबात नाहीये. समोरचा भरभर बोलला की जे शब्द तिला चांगले माहिती आहेत तेसुद्धा तिला ओळखू येत नाहीत. आणि यूट्यूबवर विमानतळाचं इंग्रजी म्हणून जे मिळतं त्यात सगळी लांबलचक नम्र वाक्यं, एक्स्क्यूज मी कुड यू प्लीज टेल मी व्हेअर आय कॅन फाइंड वगैरे. हे तिने पाठ केलं तरी समोरच्याने दिलेलं उत्तर कळायला नको का? तिला हवंय ते उलटं: तिला काय विचारतील ते ओळखू यावं आणि दोन-तीन शब्दांत उत्तर देता यावं.

मुंबईचं मला टेन्शन नाही, काउंटरवर मराठी-हिंदीत काम होतं. फक्त तिथे २०१८ पासून सायलेंट एअरपोर्ट आहे, गेटच्या अनाउन्समेंटची वाट बघत बसलं तर काही ऐकूच येणार नाही, म्हणून बोर्डावरचे शब्द वाचायची प्रॅक्टिस चालू आहे. गेट ओपन, बोर्डिंग, फायनल कॉल, गेट क्लोज्ड, डिलेड. बोर्डिंग टाइम वेगळी आणि विमान सुटायची वेळ वेगळी हे तिला आता पक्कं कळलंय, आणि बॅगेच्या टॅगवर ईडब्ल्यूआर (न्यूअर्क विमानतळाचा कोड) लिहिलंय का ते काउंटरवरच बघायचं हेही.

विमानात काय विचारतात ते दादाने सांगितलंय. ती शाकाहारी आहे, त्यामुळे जेवण आधीच एशियन व्हेजिटेरियन बुक केलंय. (कुणी आईवडिलांसाठी हिंदू मील घेत असाल तर लक्षात ठेवा, ते शाकाहारी नसतं, त्यात चिकन-मटण असू शकतं.) तरी कुणी चुकीचा ट्रे पुढे केला तर "आय ऑर्डर्ड व्हेज मील" एवढं तिला येतं. पाणी मागितलं की युरोपियन विमानांत स्टिल ऑर स्पार्कलिंग असं विचारतात, तेव्हा "स्टिल" म्हणायचं नाहीतर सोड्याचं पाणी येतं. टॉयलेटच्या दारावर व्हेकंट आणि ऑक्युपाइड. सीट सरळ करा हे अपराइट शब्दावरून ओळखायचं. एवढं जमेल असं वाटतंय.

खरी अडचण फ्रँकफर्टला आहे. तीनेक तास मध्ये आहेत, परत सिक्युरिटी होणार, गेट ए, बी, सी, झेड अशी, आणि आईला बी आणि डी कानाने वेगळे कळत नाहीत, फिफ्टीन आणि फिफ्टी तर नाहीच नाही. माझा उपाय म्हणजे कोणी तोंडी सांगितलं की वही पुढे करून "प्लीज राइट" म्हणायचं. पण सिक्युरिटीला वही नसणार, तिथे हातातल्या बांगड्या, शाल, पर्स बघून काय काय बोलतात? एनी लिक्विड्स, शूज ऑफ, आर्म्स अप, स्टेप बॅक एवढं मी घेतलंय, अजून काही? आणि अमेरिकेच्या विमानाला गेटजवळ वेगळी चौकशी करतात त्यात नक्की काय विचारतात? तिथून नुकतंच कोणी गेलं असेल तर कृपया जसं बोलले तसंच लिहा, नीट वाक्य करू नका. जर्मन लोकांचे इंग्रजी उच्चार तिने कधीच ऐकलेले नाहीत.

मग न्यूअर्कचं इमिग्रेशन. पर्पज ऑफ व्हिजिट, हाऊ लाँग, हू आर यू व्हिजिटिंग, व्हॉट डज युअर सन डू, एवढे प्रश्न रोज घोकतोय. मी फोनवर ऑफिसर होते आणि ती भाकरी थापता थापता उत्तरं देते. प्रश्न मुद्दाम उलटसुलट क्रमाने टाकते, कारण क्रम पाठ झाला की ती ऐकतच नाही. पर्पजला "टू व्हिजिट माय सन अँड फॅमिली", बाळ होणार आहे का विचारलं तर "येस, माय ग्रँडचाइल्ड". बाळ सांभाळायला आले असं मात्र सांगायचं नाही, ते तिकडे नोकरीसारखं ऐकू येतं आणि उगाच फाटे फुटतात. बोटांचे ठसे घेताना फोर फिंगर्स, थंब, राइट, लेफ्ट, लुक अ‍ॅट द कॅमेरा, हे चांगलं बसलंय.

खाण्याचं विचारलं की "येस" म्हणायचं, घाबरून नो म्हणायचं नाही, हे तिला परत परत सांगतेय. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, मेतकूट, लोणचं आहे बरोबर. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. मीट, फ्रूट, सीड्स हे शब्द ओळखता आलेच पाहिजेत, अळीव बी म्हणून धरतात का, लाडवातले चालतात का, कुणाचा अनुभव? खोबऱ्याच्या वाट्या आम्ही काढूनच टाकल्यात, २०२२ पासून चेक-इन बॅगेत सुकं खोबरं चालत नाही.

दादा म्हणतो व्हीलचेअर बुक करून टाक, म्हणजे एक शब्द बोलावा लागणार नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ती सोय फारच मोलाची आहे, पण आई रोज आगाशिव डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जाते, ती नको म्हणतेय आणि मला तिचंच बरोबर वाटतं. चालता येत असताना केवळ बोलता येत नाही म्हणून तिने का बसून जायचं? शिवाय तिकडे पुढचे काही महिने दुकानात, डॉक्टरकडे, शेजारी बोलायचंच आहे, ही प्रॅक्टिस तिथेही उपयोगी पडणारे. तेव्हा व्हीलचेअर घ्या हा सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.

मला नेमकं हवंय ते असं की तुम्हाला किंवा तुमच्या आईवडिलांना खरोखर विचारलेले प्रश्न, आणि कुठलं उत्तर चाललं, कुठल्यावर गाडी अडली. एअरलाइनमध्ये किंवा विमानतळावर काम करणारं कोणी इथे असेल तर फारच बरं, तुम्ही रोज जी वाक्यं बोलता ती तुमच्याच स्पीडने फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? अगदी मिनिटभराचं असलं तरी चालेल. आई दुपारी हेडफोन लावून ऐकते, दादाने पाठवलेलं ऐकून ऐकून संपलंय आणि त्याचा आवाज ओळखीचा असल्यामुळे तिला सगळं कळतं, अनोळखी आवाज हवेत. बायकांचे, पुरुषांचे, कुठल्याही उच्चारातले. व्यनि (खासगी मेसेज) केलात तरी चालेल.