सडपातळ, चिंचोळा स्लॅब सेरिफ: पोस्टरवर रेषा तुटतात

कानामात्रा: ए२ पोस्टरचं इंग्रजी शीर्षक उंच, नाजूक स्लॅब सेरिफमध्ये (दांड्यांच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या म्हणजे सेरिफ असलेला फॉन्ट) हवंय, खाली एक मराठी ओळ. रॉकवेल लाइट हा फॉन्ट आडवा ७०% दाबला, तर उभे दांडे मरतुकडे आणि सेरिफ जाड दिसतात. पार्श्वभूमी चार शाया मिसळून छापलेला गडद निळा, अक्षरं पांढरी. प्रूफमध्ये (नमुना छपाईत) तारखेच्या १० पॉइंटच्या ओळीतल्या अक्षरांच्या रेषा तुटतायत. काय बदलू?

खिळाजुळारी: दाबणं आधी थांबवा. ७०% केलं की उभा दांडा ३०% बारीक होतो, पण आडव्या सेरिफची जाडी तेवढीच राहते. स्लॅबचा सगळा डौल या दोन जाड्या जवळजवळ सारख्या असण्यात आहे. त्यात रॉकवेल (मोनोटाइप, १९३४) भौमितिक. त्यातला गोल 'ओ' दाबल्यावर अंडाकृती होतो. मुळातच चिंचोळा रेखाटलेला फॉन्ट घ्या. रॉकवेल कंडेन्स्ड आहे, पण तो ठसठशीत, तुमच्या कामाचा नाही. गूगल फॉन्ट्सवरचा स्टिंट अल्ट्रा कंडेन्स्ड बघा. एकच वजन (रेषेची जाडी) मिळतं, त्यामुळे फक्त शीर्षकाला.

तारीख का तुटते त्याचा हिशोब: फॉन्ट ज्या १००० एककांच्या चौकटीत रेखाटतात तिच्यात दांडा ४० एककांचा धरला, तर ७२ पॉइंटला रेषा २.८८ पॉइंट, १० पॉइंटला जेमतेम ०.४. चार शाईंतून पांढरं कोरताना ०.५ च्या खाली जाऊ नये. शाई दोन्ही बाजूंनी आत पसरते, आणि एखादी प्लेट किंचित सरकली तरी रेषा बुजते. तारीख १४ पॉइंट करा किंवा एक वजन जाड घ्या. निळा स्पॉट रंगात (एकाच तयार शाईत) छापता आला तर प्लेट सरकण्याचा प्रश्नच मिटतो.

शाईपट्टी: अक्षरांना ०.२५ पॉइंटची पांढरी स्ट्रोक (कडेची रेषा) दिली तर?

खिळाजुळारी: नको. चिंचोळ्या 'ए', 'ई'ची पोटं आधीच अरुंद असतात, ती भरून जातील. शिवाय सेरिफचे कोपरे बोथट होऊ शकतात.

अंतराचं म्हणाल तर कॅपिटल अक्षरांना ट्रॅकिंग (अक्षरांमधलं सरसकट अंतर) +२० ते +४०. एकमेकांशेजारच्या सेरिफ चिकटल्या की शब्दाखाली सलग पट्टी दिसते. स्मॉल 'आर'पुढे 'एन' आला की 'एम' वाचला जातो. अशा जोड्यांमधलं अंतर हाताने जुळवा (कर्न करा).

कानामात्रा: मराठी ओळीलाही तेच ट्रॅकिंग?

बोरू: अजिबात नाही, शून्य ठेवा. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. देवनागरीही दाबू नका: काने बारीक होतात आणि शिरोरेषा जाड राहते, म्हणजे तोच दोष. खंड लाइट हा देवनागरी फॉन्ट घ्या. तो मुळात आटोपशीर आहे, रेषा एकसारखी. देवनागरीत सेरिफ शोधायची गरज नाही, आडवा जोर शिरोरेषा देते. इंग्रजी कॅपिटलची उंची आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची डोळ्यांनी जुळवा. पॉइंटचा आकडा सारखा ठेवून जुळत नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू करा, नाहीतर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या विस्कटतात. मजकूर दोन ओळींवर गेला तर लीडिंग (ओळींमधलं अंतर) अक्षराच्या आकाराच्या १२५% पासून सुरू करा आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला टेकतोय का ते छापून बघा.