मदत हवी आहे : १९४३ च्या वऱ्हाडातील रहस्यपट आणि एका तासाचा घोळ

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या हौशी मंडळींनी १९४३ च्या कार्तिकात घडणारा एक रहस्यपट चित्रित केला असून, त्याची कच्ची जोडणी विसंगती शोधण्यासाठी माझ्याकडे आली आहे. लहानसहान चुकांचा इलाज होईल. परंतु एका चुकीवर सगळ्या तपासाचीच मदार असल्याने जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

जिनाच्या, म्हणजे कापसातील सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात एका अडत्याचा खून होतो. त्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजलेले आहेत, बाहेर अंधार आहे आणि संशयित तेव्हा मूर्तिजापूर-यवतमाळ गाडीत होता, अशी साक्ष स्टेशनमास्तर देतात. अडचण अशी की, महायुद्धामुळे १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातील सरकारी वेळ एक तास पुढे केलेली होती. कार्तिकात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला दिवस मावळतो, म्हणजे त्या काळच्या घड्याळात साडेसहा-पावणेसातला. सहा वाजता पऱ्हाटीवर, म्हणजे शेतातल्या कपाशीवर, अजून ऊन असायला हवे. रेल्वे नव्या वेळेने चालत असणार. पण जिनाचा भोंगा, शाळा आणि बाजार हेही त्याच वेळेने चालत होते काय? कुणाच्या घरी त्या वर्षांतील जिनाची हजेरीवही किंवा रोजनिशी असेल, अथवा वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल, तर कृपया कळवावे. भोंगा जुन्याच वेळेने वाजत असेल, तर प्रसंग तसाच ठेवून या एका तासात संशयिताला पकडता येईल, आणि मूळ पटकथेतल्या उलगड्यापेक्षा मला तरी तोच अधिक पटेल.

दुसरा प्रश्न वैराच्या कारणाचा. खलनायक मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार, दाखवला आहे व भांडण सारावसुलीवरून पेटते. मालगुजारी नागपूर-वर्धेकडची, वऱ्हाडात रयतवारी असल्याने शेतकऱ्याचा सारा थेट सरकारात जमा होत असे. गहाणखत दाबून बसलेला सावकार येथे शोभला असता, पण संवाद चित्रित होऊन गेले आहेत. ओठांच्या हालचालींशी जुळवून ते नव्याने ध्वनिमुद्रित करण्याचा अनुभव कुणाला आहे काय?

‘पन्नास पैसे’चे ‘आठ आणे’ होत आहेत आणि पाकिटावरचा पिनकोड, जो १९७२ मध्ये आला, तो झाकला जाईल. गाडीच्या आवाजासाठी डिझेल इंजिनाचा हॉर्न वापरला आहे. या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत असल्याने त्याची शिटी मिळवावी लागेल. कुणाकडे जुने ध्वनिमुद्रण असल्यास उपकार होतील.

सलगतेत सर्वांत खटकतो तो कापूस. गुप्तहेर प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्यामागचा ढीग खांद्याला लागलेला आहे आणि मुनीम उत्तर देऊन होईपर्यंत तो कमरेखाली उतरतो, कारण चित्रणाच्या दिवसांतही मालकांनी जिन बंद ठेवले नव्हते, आणि ऐन हंगामात ते ठेवणारही नाहीत. चौकट जवळ घेऊन ढीग बाहेर काढावा म्हटले, तर मुनिमाच्या हातातला पुरावाच दिसेनासा होतो.

शेवटचे म्हणजे गाजरगवत. पाठलागाच्या दृश्यात पांदणीच्या दोन्ही बाजूंनी ते पांढऱ्या फुलांनी भरून आले आहे, आणि आपल्या देशात त्याची नोंद झाली ती १९५० च्या दशकात, पुण्याकडे. हलत्या दृश्यातून ते पुसण्याचा कमी खर्चाचा मार्ग कुणी वापरला असल्यास सविस्तर सांगावा. अन्यथा विळे घेऊन पांदण साफ करणे व बैलगाड्या पुन्हा जुंपणे भाग आहे.