मानेच्या नसीचा डॉप्लर झाला, ऑपरेशनच्या आधी तेवढा पुरते का?

राळेगावचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. बाबाच्या (वय ६८, शुगर हाय, खर्रा चालू) उजव्या डोळ्यापुढं मागच्या हप्त्यात एकदम पडदा आल्यासारखं झालं, थोड्या वेळानं मोकळं बी झालं, मंग दुसऱ्या दिवशी डाव्या हातातून चहाचा कप सुटला अन् जीभ जड झाली. यवतमाळले मानेचा कॅरोटिड डॉप्लर (मानेतल्या नसीची सोनोग्राफी) केला, रिपोर्टमंदी उजवी आयसीए (मेंदूकडं जानारी नस) पीएसव्ही (रक्ताचा वेग) ३१० सेमी पर सेकंद, ७० टक्क्याच्या वर ब्लॉक, डावीकडं ५० च्या खाली. नागपूरचे सर्जन म्हनते ऑपरेशन करून नसीतला थर काढा लागते, पन आधी सीटी अँजिओ (इंजेक्शन देऊन नसीचा सीटी स्कॅन) करा. सोनोग्राफीत दिसलं तर सीटी काहून? अन् सोनोग्राफीत मानेचं बराबर समजते का? शेतात कापूस फुटून हाय, वेचाले बाया मिळून नाही राह्यल्या, बाबा म्हनते महिनाभरानं पाहू, आता त मी चांगला हावो. थांबलं त चालन का?

वर्ध्याची_रेडिओलॉजिस्ट:
भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, महिनाभर थांबू नका. डोळ्यापुढचा पडदा अन् हातातून कप सुटणं हे दोन्ही त्याच उजव्या नसेचं लक्षण आहे (मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते), याला टीआयए म्हणजे थोड्या वेळात जाणारा छोटा लकवा म्हणतात, आणि मोठ्या लकव्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. अशा पेशंटला ऑपरेशनचा फायदा २ आठवड्यांच्या आत केलं तर सगळ्यात जास्त मिळतो. १९९१ च्या नॅसेट नावाच्या मोठ्या अभ्यासात लक्षणं येऊन गेलेले, ७० ते ९९ टक्के ब्लॉक असलेले पेशंट होते, नुसत्या औषधावरच्या २६ टक्के लोकांना २ वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला, ऑपरेशन झालेल्यांत ९ टक्के. तेव्हा स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) आजच्याइतक्या सर्रास देत नव्हते हे खरं, पण फरक केवढा ते बघा.

आता सोनोग्राफी. डॉप्लरमध्ये आम्ही ब्लॉक नुसता डोळ्याने मोजत नाही, रक्ताचा वेग मोजतो. ओलिताच्या पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की धार जोरात उडते ना, तसंच. १२५ च्या वर वेग गेला तर ५० टक्क्यांच्या वर ब्लॉक धरतात, २३० च्या वर गेला तर ७० च्या वर. तुमच्या बाबांचा ३१० आहे, म्हणजे रिपोर्टला आधार आहे. पण सगळं करणाऱ्याच्या हातावर असतं, सोनोग्राफीच्या लहरींचा (बीमचा) रक्ताच्या धारेशी कोन ६० अंशांच्या वर गेला की आकडा चुकतो, आणि नस जवळपास बंद असली तर वेग उलट कमी येतो अन् ब्लॉक हलका वाटतो. शिवाय मानेत नसेला फाटा किती वर फुटतो, थर जबड्याखाली कुठवर गेलाय, छातीतून निघताना अन् डोक्यात नस कशी आहे, हे सर्जनला लागतं, आणि ते डॉप्लरमध्ये पूर्ण दिसत नाही. म्हणून सीटी.

आर्वीचा_भाऊ:
ताई बरोबर सांगून राह्यल्या. माह्या काकाचा डॉप्लर दोन ठिकानी केला त एकीकडं ६० टक्के अन् दुसरीकडं ८० आलं, सीटी झाल्यावर कुठं सर्जननं ठरोलं. ऑपरेशन झालं, काका आता बैलजोडी घेऊन वावरात जाते. पन भाऊ, खर्रा आजच बंद करा, तंबाखू चालू ठेवून ऑपरेशनचा काय उपेग? अन् कापसाचं म्हनशान त शेजाऱ्यापाजाऱ्यायले सांगा, लोकं धावून येतेत, बापाच्या जिवापेक्षा कापूस मोठा नाही.

राळेगावचा_शेतकरी:
धन्यवाद ताई, भाऊ. एक सांगाचं राह्यलं, रिपोर्टमंदी कॅल्सिफाइड प्लाक विथ शॅडोइंग असं बी लिवलं हाय, अन् क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६ आलं. सीटीच्या इंजेक्शनानं किडनीले काही होईन का?

वर्ध्याची_रेडिओलॉजिस्ट:
शॅडो म्हणजे थरात चुना साचलाय आणि त्याच्यामागचं सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणजे तुमच्या केसमध्ये दुसरी तपासणी खरंच हवी. १.६ चं सीटीवाल्यांना आधीच सांगा, अन् शुगरची कोणती गोळी चालू आहे तेही, मेटफॉर्मिन असेल तर थांबवायची का ते तेच ठरवतील. त्यांना इंजेक्शन नको वाटलं तर एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवर नसांची तपासणी) असतो, आणि काही सर्जन दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी केलेले डॉप्लर जुळले तर त्यावरही ऑपरेशन करतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी (रक्ताची गुठळी होऊ न देणारी) चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका. सर्जनला बिनधास्त विचारा की तुमच्या हातच्या ऑपरेशनात लकवा किंवा मृत्यू किती टक्क्यांना होतो, लक्षणं असलेल्या पेशंटमध्ये तो ६ च्या खाली असायला हवा, चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड अन् आधार घेऊन त्याला भेटा. नागपूरला जाताना नुसता टाइप केलेला कागद नेऊ नका, डॉप्लरच्या प्रिंट अन् सीडी दोन्ही मागून घ्या. आणि मधेच हात, तोंड, बोलणं पुन्हा बिघडलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८ ला फोन करा.