मदत हवी आहे: बिटकॉइनने आलेले पैसे निनावी राहतात, की माग लागतो?

कोरा_कागद (धागाकर्ता)

एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या पानावर देणगीसाठी बिटकॉइनचा पत्ता लावायचा आहे. त्याच वॉलेटवर दोन-तीन ग्राहक कामाची बिलंही चुकवणार आहेत. वाचावं तेवढा गोंधळ वाढतोय. कुणी म्हणतं क्रिप्टो पूर्ण निनावी, कुणी म्हणतं सगळा कारभार चव्हाट्यावर. नेमके प्रश्न असे:

१. पैसे पाठवणाऱ्याला माझी एकूण शिल्लक दिसते का?
२. दर वेळी नवा पत्ता दिला की काम झालं का?
३. वॉलेट उघडताना नाव विचारलंच नाही, मग नाव जोडलं जातं कुठून?
४. मोनेरो वगैरे (व्यवहार झाकणारी क्रिप्टो) खरंच वेगळे आहेत का?

वॉलेट मोबाइलवरचं आहे, स्वतःचा नोड (पूर्ण खातेवही उतरवून तपासणारा संगणक) नाही. कुणापासून पळायचं नाहीये, फक्त एका ग्राहकाला दुसऱ्याने किती दिले ते कळू नये.

हॅशवाला

बिटकॉइन टोपणनावी आहे. खातेवही सगळ्या जगासमोर उघडी, फक्त नावांच्या जागी पत्ते. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा प्रत्येक व्यवहार कुणीही वाचू शकतं आणि कुणालाही पुसता येत नाही. म्हणून टोपणनावामागचा माणूस कळला की मागचे व्यवहारही त्याच्या नावावर चढतात. २०१२ मध्ये सिल्क रोड या बेकायदा ऑनलाइन बाजारातून चोरलेले पन्नास हजारांवर बिटकॉइन नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये जप्त झाले. त्यातला काही भाग पॉपकॉर्नच्या डब्यात दडवलेल्या छोट्या सर्किट बोर्डवर होता. डबा कितीही झाकला तरी खातेवही उघडीच होती.

प्रश्न १: साखळीवर (म्हणजे ब्लॉकांच्या या खातेवहीत) 'वॉलेट' अशी चीजच नसते, असतात ती सुटी नाणी, प्रत्येक कुठल्यातरी पत्त्यावर. पाठवणाऱ्याला फक्त त्याने ज्या पत्त्यावर पाठवले तिथला हिशेब दिसतो. पण पानावर एकच पत्ता कायमचा लावलात तर ती काचेची दानपेटी झाली. कुणी किती टाकले, तुम्ही कधी काढले, सगळं दिसणार.

प्रश्न २ ला मात्र वेळ द्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. समजा एका पत्त्यावर देणगीचे ०.०३ आहेत आणि दुसऱ्या, अगदी कोऱ्या पत्त्यावर ग्राहकाचे ०.०५. तुम्हाला कुणाला तरी ०.०६ द्यायचेत. एका नाण्यात भागत नाही, म्हणून वॉलेट दोन्ही घालतं. साखळीवर उमटतं ते असं:

आत: ०.०३ + ०.०५
बाहेर: ०.०६ आणि ०.०१९९८
फी: ०.००००२

बघणारा काय ताडतो? दोन नाणी एकत्र खर्चायला दोन्हींच्या खाजगी किल्ल्यांची (खर्चाचा अधिकार देणाऱ्या गुप्त आकड्यांची) सही लागते, म्हणजे मालक बहुधा एकच. दिलेली रक्कम ०.०१९९८ असती तर ०.०३ चं नाणं एकटं पुरलं असतं, ०.०५ ला हात लावायचं कारण नव्हतं. म्हणजे दिलेत ०.०६ आणि ०.०१९९८ हे सुट्टे परत आले. मग ज्या पत्त्यावर सुट्टे आले तोही तुमचाच. पुढे ते सुट्टे तिसऱ्या नाण्याबरोबर खर्च झाले की तेही याच गाठोड्यात.

आता देणगीदाराच्या जागी बसून बघा. ०.०३ त्याने स्वतः पाठवलेत, त्यामुळे ते नाणं तो ओळखतो. ते हललं त्या दिवशी शेजारी ०.०५ दिसले. तुम्हाला जे टाळायचं होतं नेमकं तेच झालं, आणि तेही दर वेळी नवा पत्ता देऊन. सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या मूळ निबंधातही प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली वापरा म्हटलंय आणि लगेच कबुली दिलीय की अनेक इनपुट (आत घातलेली नाणी) असलेल्या व्यवहारात गाठ पडणं टळत नाही.

उपाय असा. देणगी आणि बिलं यांची एकाच सीडमध्ये (वॉलेटच्या मूळ गुप्त शब्दांवर) दोन वेगळी खाती उघडा, बहुतेक चांगल्या वॉलेटमध्ये सोय असते. प्रत्येक नाण्याला आल्याबरोबर लेबल लावा. खर्च करताना 'कॉइन कंट्रोल' चालू करून नाणी हाताने निवडा. ज्या वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल नाही ते या कामाला घेऊच नका.

नोडधारक

हॅशवाला यांना +१. एक पुस्ती: एकत्र सही म्हणजे एकच मालक, हा तर्क नेहमी खरा नसतो. कॉइनजॉइनमध्ये अनेक जण मुद्दाम एका व्यवहारात नाणी घालतात आणि सारख्या रकमा बाहेर काढतात. पण सारख्या रकमांची रांगच 'इथे कॉइनजॉइन झालंय' असं ओरडून सांगते, आणि अशी नाणी काही एक्सचेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपन्या) अडवून ठेवतात. दोन-तीन बिलांसाठी त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न ३. नाव साखळीवर नसतं, ते कडेला चिकटतं. एक्सचेंजवर ओळखपत्र दिलेलं असतं, तिथून निघालेलं प्रत्येक नाणं त्यांच्या नोंदीत तुमच्या नावावर आहे. वस्तू मागवली तर घरचा पत्ता दुकानदाराकडे. तुमच्या बाबतीत तर विचारायलाच नको: स्वतःच्या पानावर बिटकॉइनचा पत्ता लावणं म्हणजे आपल्या हाताने पाटी लावणं.

एक कड लोकांच्या लक्षात येत नाही. मोबाइल वॉलेटकडे साखळी नसते, ते कुणाच्या तरी सर्व्हरला विचारतं, 'या वीस-पंचवीस पत्त्यांवर काय आलंय?' त्या सर्व्हरला तुमचे सगळे पत्ते एकाच आयपीवरून, एकाच झटक्यात मिळतात. साखळी वाचून तर्क लढवायची गरजच उरत नाही. टॉरमधून जोडलंत तर आयपी लपतो, पण हे सगळे पत्ते एकाच वॉलेटचे हे त्याला कळतंच.

पक्का इलाज म्हणजे स्वतःचा नोड. पूर्ण साखळीला सहाशे जीबीच्या वर जागा लागते. प्रून मोडमध्ये ब्लॉकच्या फायली ५५० एमबीपर्यंत छाटता येतात, मात्र पहिल्यांदा सगळी साखळी उतरवून तपासावीच लागते. आणि जुनं वॉलेट प्रून नोडला नंतर जोडलं तर त्याचा इतिहास सापडत नाही, कारण ते ब्लॉक टाकून दिलेले असतात. आधी वॉलेट जोडा, मग छाटणी.

कोरा_कागद

धन्यवाद, चित्र स्पष्ट होतंय. पानावर दर वेळी नवा पत्ता आपोआप दाखवायचा तर कसं करतात? शिवाय काही जण यूएसडीटी (डॉलरशी जोडलेलं टोकन) देऊ का विचारतात.

नोडधारक

बीटीसीपे सर्व्हर हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला वॉलेटची एक्सपब, म्हणजे विस्तारित सार्वजनिक किल्ली द्यायची. दर देणगीला ते नवा पत्ता तयार करतं, खाजगी किल्ली सर्व्हरवर जातच नाही. तीन गोष्टी सांभाळा.

एक्सपबने पैसे काढता येत नाहीत, पण ती ज्याच्या हाती पडेल त्याला त्या खात्याचे मागचे-पुढचे सगळे पत्ते दिसतात. म्हणून ती फक्त देणगीच्या खात्याची द्या. एक्सपबसोबत त्याच खात्यातल्या एखाद्या पत्त्याची खाजगी किल्ली बाहेर गेली तर त्या दोन्हींवरून पूर्ण खात्याची किल्ली काढता येते, त्यामुळे सुटी किल्ली कधी कुणाला पाठवू नका.

तिसरी गोष्ट हमखास घाबरवते. लोक पान उघडतात, पत्ता तयार होतो आणि पैसे न देता निघून जातात. असे ओळीने वीस पत्ते रिकामे गेले आणि एकविसाव्यावर पैसे आले, तर वॉलेट ते दाखवत नाही, कारण वीस रिकामे मोजून ते शोध थांबवतं. पैसे कुठे जात नाहीत. सेटिंगमध्ये 'गॅप लिमिट' २० वरून २०० करा आणि पुन्हा स्कॅन करा.

छोट्या देणग्यांचं गणितही आधीच मांडा. १०,००० सॅटोशीच्या (सॅटोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) ६० देणग्या म्हणजे ६ लाख सॅटोशी. एकत्र खर्चताना प्रत्येक नाण्याचे साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट (फी मोजायचं माप) पडतात, व्यवहार ४,१०० च्या पुढे जातो. दर बाइटला २० सॅटोशी धरले तर फी ८२ हजारांच्या घरात. वर साठही देणगीदारांचे पत्ते एका गाठीत. अशा रकमांना लाइटनिंग (बिटकॉइनवर उभं असलेलं छोट्या व्यवहारांचं जाळं) बरं, मधले व्यवहार साखळीवर येतच नाहीत, फक्त चॅनेल (दोन नोडमधली देवघेवीची वाट) उघडताना आणि बंद करताना नोंद होते. पाठवणारा मधल्या नोडना कळत नाही. घेणाऱ्याच्या नोडची ओळख मात्र साधारणपणे इन्व्हॉइसमध्येच असते. आणि लाइटनिंग वॉलेट दुसऱ्याच्या ताब्यातलं असेल तर त्या सेवेला सगळंच दिसतं.

हॅशवाला

यूएसडीटीबद्दल: इथेरियम आणि ट्रॉनवर सुटी नाणी नसतात, खातं असतं. पाठवणाऱ्याने पत्ता साखळी दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाकला की शिल्लक, टोकन, सगळा इतिहास एका पानावर. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे सरळ 'हो'. नवा पत्ता काढलात तर त्यावर फीसाठी त्या साखळीचं नाणं (इथेरियमवर इथर, ट्रॉनवर टीआरएक्स) लागतं, आणि ते बहुधा जुन्याच पत्त्यावरून पाठवलं जातं. दोरी तिथेच बांधली गेली. ग्राहकांच्या बिलांना हा मार्ग मी तरी घेणार नाही.

शिवाय यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरची टोकन गोठवू शकते, ती सोय करारातच आहे. बिटकॉइनमध्ये असं बटण कुणाकडे नाही.

उलटतपासणी

प्रश्न ४ राहिला. मोनेरो एप्रिल २०१४ पासून आहे आणि बनावटच वेगळी. प्रत्येक खर्चात तुमच्या एका नाण्याबरोबर १५ परकी नाणी उभी केली जातात, सोळातलं खरं कुठलं ते बाहेरून ठरत नाही. घेणाऱ्यासाठी दर वेळी एकदाच वापरायचा पत्ता आपोआप तयार होतो. जानेवारी २०१७ पासून रकमाही झाकलेल्या आहेत. पण पूर्वी एकही परकं नाणं न घेता खर्च करता येत असे, त्या काळातल्या बऱ्याच व्यवहारांचा माग संशोधकांनी काढला. आजही एक्सचेंजवरून ३.७१८२ काढले आणि तासाभरात तेवढेच दुसऱ्या एक्सचेंजवर भरले, तर गणित लपवून उपयोग काय? रक्कम आणि वेळ दोन्हीकडच्या वह्यांत आहे. आणि काही मोठ्या एक्सचेंजनी मोनेरो काढून टाकलंय, त्यामुळे देणाऱ्यालाच ते मिळवणं जड जातं.

झीकॅश (ऑक्टोबर २०१६) मध्ये दोन तऱ्हेचे पत्ते असतात. 'टी' ने सुरू होणारे बिटकॉइनइतकेच उघडे, झाकलेले वेगळे. वॉलेट कुठला देतंय ते बघूनच पानावर लावा.

तिऱ्हाईत

धाग्याला धरूनच: कुणी फसवून क्रिप्टो नेलं असेल तर या मागाचा उपयोग होतो का?

उलटतपासणी

होतो, पण माग लागणं आणि पैसे मिळणं यात अंतर आहे. कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीने मे २०२१ मध्ये हॅकरांना ७५ बिटकॉइन खंडणी दिली, जूनमध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने ६३.७ परत मिळवले. तिथे त्या पत्त्याची खाजगी किल्लीच हाती आली होती. एरवी पैसे ओळखपत्र मागणाऱ्या एक्सचेंजवर पोचले आणि अजून तिथेच असले तर आशा.

म्हणून तासांचा हिशेब धरा. व्यवहाराचा टीएक्सआयडी (ओळखक्रमांक), समोरचा पत्ता, कुठली साखळी, रक्कम आणि वेळ हे मजकूर म्हणून कॉपी करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको, त्यावरून अक्षरं टिपताना चूक होते. हे घेऊन पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार, आणि त्याच दिवशी ज्या एक्सचेंजवरून पाठवले त्यांनाही कळवा. 'आम्ही तुमचे बिटकॉइन परत आणून देतो, आधी फी भरा' असे संदेश यायला लागतील. ती दुसरी फसवणूक असते, अनेकदा त्याच टोळीची.

कोरा_कागद

ठरलं: दोन खाती, देणगीला बीटीसीपे, बारीक रकमांना लाइटनिंग, यूएसडीटी नाही. शेवटचं: चाचणीच्या पत्त्यावर आत्ताच कुणीतरी ५४६ सॅटोशी टाकलेत. देणगी एवढी छोटी?

हॅशवाला

ती देणगी नसावी. जुन्या तऱ्हेच्या पत्त्यावर नेटवर्क पुढे ढकलतं अशी ती किमान रक्कम आहे, त्याला 'डस्ट' म्हणतात. हे नाणं तुम्ही इतरांबरोबर कधी खर्च करता ते टाकणारा बघत बसतो, म्हणजे वर सांगितलेली गाठ त्याला आयती मिळते. कॉइन कंट्रोलमध्ये त्या नाण्यावर दाबून धरा, 'फ्रीझ' करा आणि लेबल लावा. खर्चू नका, परतही पाठवू नका.