पंगसच्या पोटावर लाल चट्टे, रोज ३-४ मासे मरतात. टाकीत औषध ओतू का?

मुलुंडची_टाकी
मुलुंडला ताडपत्रीची बायोफ्लॉक टाकी आहे, म्हणजे पाण्यातच जिवाणूंचे पुंजके (फ्लॉक) वाढवून घाण साफ ठेवणारी. व्यास ४ मीटर, पाणी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण १०,००० लिटर. ४०० पंगस, सरासरी १५० ग्रॅमचे. आठवडाभरापूर्वी पाणी कमी झालं म्हणून नळाचं पाणी पाईपनं थेट सोडलं, अंदाजे २,००० लिटर. आता पोटावर आणि परांच्या मुळाशी लाल चट्टे आहेत, काहींची शेपटी झिजली आहे, खाद्य अर्ध्यावर आलंय. दुकानदारानं ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पावडर दिली आणि पाण्यात टाका म्हणाला. टाकू का?

कल्ले_आणि_खवले
नका टाकू. पाण्यातून ते माशाच्या अंगात फारसं जात नाही, पण फ्लॉकमधले अमोनिया खाणारे जिवाणू मारतं. औषध टाकल्यावर दोन-तीन दिवसांत मरतूक वाढते आणि सगळे म्हणतात रोग भारी होता.

लाल चट्टे बहुतेक वेळा एरोमोनासचे असतात. हा जिवाणू तुमच्या टाकीत पहिल्या दिवसापासून आहे. धडधाकट माशाला तो काही करत नाही, कल्ले भाजले आणि अंगावरचा बुळबुळीत थर गेला की आत शिरतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं कल्लेही भाजले आणि फ्लॉकही मारला असणार. तेव्हा आधी पाणी मोजा. पीएच, अमोनिया, नायट्राईट आणि तापमान, चारही आकडे इथे टाका.

तोवर एक मरायला टेकलेला मासा फाडून बघा, मेलेला नको. मेल्यावर काही तासांत आतड्यातले जिवाणू सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. गुदद्वाराकडून डोक्याकडे कात्रीनं पोट उघडा. लालसर पाणी साचलेलं आणि यकृत फिकट किंवा डागाळलेलं दिसलं तर एरोमोनासचा संशय पक्का. यकृत, प्लीहा आणि पाठीच्या कण्याला चिकटलेल्या मूत्रपिंडावर १ ते ३ मिलिमीटरचे पांढरे ठिपके असतील तर एडवर्डसिएला, हा दुसरा जिवाणू, तो जास्त चिवट. कल्ल्यांच्या कडा पिवळट-तपकिरी होऊन कुजल्या असतील तर कॉलम्नॅरिस, हाही जिवाणूचाच रोग.

मुलुंडची_टाकी
पीएच ८.५, अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम), नायट्राईट ०.५, तापमान ३० अंश. पोटात लालसर पाणी होतं, यकृत फिकट, ठिपके नाहीत.

कल्ले_आणि_खवले
मग पाण्यातच घोळ आहे. ३० अंशाला आणि ८.५ पीएचला एकूण अमोनियाचा जवळपास पाचवा हिस्सा विषारी रूपात असतो, म्हणजे ०.४ पीपीएम. पीएच ७.५ असता तर तोच आकडा ०.०५ च्या आसपास राहिला असता. म्हणून आत्ता चुना अजिबात टाकू नका, पीएच आणखी चढेल.

खाद्य दोन दिवस बंद. ३०% पाणी बदला, पण नवीन पाणी आधी ड्रममध्ये भरून त्यातला क्लोरिन घालवून घ्या. ०.५ पीपीएम क्लोरिन असलेल्या १,००० लिटरला ३.५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट म्हणजे हायपो पुरतो. बदलल्यावर टाकीत साधारण १४ ग्रॅम अमोनिया उरेल, त्याला २०० ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून टाका. गूळ खाताना जिवाणू अमोनिया वापरून टाकतात, पण ऑक्सिजनही ओढतात, त्यामुळे एअर पंप क्षणभरही बंद नको. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी चालतं, असं समजू नका.

जाडं मीठ २० किलो, दोन दिवसांत थोडं थोडं करून. नायट्राईटचा त्रास कमी होतो आणि कातडीला आराम पडतो.

खाडीकाठ
एक भर. पोटॅशियम परमँगनेट कुणी सुचवेल, २ पीपीएमनं २० ग्रॅम. मातीच्या तलावात कॉलम्नॅरिसला उपयोगी आहे, बायोफ्लॉकमध्ये नाही. फ्लॉकच ते शोषून घेतो, गुलाबी पाणी काही मिनिटांत तपकिरी होतं आणि फ्लॉकही जातो.

खाद्याची गोणीही बघा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत उघड्या गोणीला बुरशी लागते, आणि जुन्या खाद्यात क जीवनसत्त्व उरत नाही. गोळा झालेलं, आंबूस वासाचं खाद्य फेकाच.

मरतूक ४-५ दिवसांत कमी झाली नाही तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत फोन करून विचारा. २-३ आजारी पण जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्या. कुठलं औषध चालतं याची चाचणी झाल्याशिवाय प्रतिजैविक नको, आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यायचंच झालं तर खाद्यातून: किलो माशामागे रोज ५५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या ६० किलोला ३.३ ग्रॅम शुद्ध औषध, १० दिवस. पुडीवर ५०% लिहिलं असेल तर ६.६ ग्रॅम. त्यानंतर किमान ३ आठवडे मासा विकायचा नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान कुणी दिलं तर घेऊ नका, मत्स्यपालनात दोन्हींवर बंदी आहे.

मेलेले मासे रोज सकाळ-संध्याकाळ काढा, चुना टाकून पुरा, नाल्यात सोडू नका. या टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत नको. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरतो.